"ओळखलंत का?" विचारणं थांबवा: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं बोलणं टिकवण्यासाठी घरी काय करावं

घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस असलं की भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण दारातूनच विचारतो, "काकू, ओळखलंत का मी कोण?" काकू हसतात, पदर सारखा करतात. पाहुणा सोडत नाही. "नाव सांगा बघू!" काकूंचं हसू मावळतं आणि पुढचे दोन तास त्या कुणाशी अक्षर बोलत नाहीत.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन काम करते. नव्या घरात गेल्यावर माझं पहिलं सांगणं हेच असतं की आजपासून परीक्षा घेणं बंद. पाहुण्यानं आत येतानाच म्हणायचं, "काकू, मी तुमची भाची, मिरजेची. तुमच्या हातचे दडपे पोहे खायला आलेय." नाव, नातं आणि बोलायला एक विषय, तिन्ही आपणच हातात द्यायचे. मग बघा काकू किती बोलतात.

पक्षाघातानंतर वाचा गेली तर उपचारांनी ती काही प्रमाणात परत येते, कारण मेंदूची इजा एकदा होऊन थांबलेली असते. स्मृतिभ्रंशात आजार पुढे सरकत राहतो. त्यामुळे इथे गेलेले सगळे शब्द परत आणायचं ध्येय ठेवलं तर घरातले चार महिन्यांत हताश होतात. रोजच्या जगण्याला लागणारं बोलणं शक्य तितके दिवस टिकवायचं आणि जे टिकत नाही त्याचा भार आपण उचलायचा, इतकंच ठरवा. हे होतं. मी होताना पाहिलंय.

आधी काय जातं, काय राहतं

अल्झायमर्समध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, सहसा नामं आधी निसटतात. "अगं, ते हे आण ना, त्या ह्याच्यावरचं, त्यात ते घालायचंय." हे वाक्य नीट ऐका. विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर, उच्चार स्वच्छ. फक्त डबे रिकामे आहेत. व्याकरण आणि उच्चार बराच काळ शाबूत राहतात. मोठ्यानं वाचणं आणि लहानपणी पाठ केलेलं म्हणणं त्याहूनही उशिरापर्यंत टिकतं. आपल्याला काम करायचंय ते या टिकलेल्या गोष्टींच्या आधारानं.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या रुग्ण बाईंशी झालेलं बोलणं टिपून ठेवलं. त्या फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होत्या. काय खाताय असं विचारल्यावर म्हणाल्या, पालक. शब्द चुकला, पण फळीवरचा शेजारचाच डबा हाती आला. भाजीच होती. तुमच्या घरात आजोबा चमच्याला "सुरी" म्हणाले किंवा मुलीला बहिणीच्या नावानं हाक मारली, तर तेच झालेलं असतं. अर्थ जवळपास पोचलेला असतो. तो पकडा आणि बोलणं पुढे न्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. काहींच्या बाबतीत स्मरणशक्ती बरी असते आणि सगळ्यात आधी भाषाच ढासळते. शब्द अडकतात, वाक्यं तुटतात किंवा साध्या शब्दाचा अर्थच हरवतो. "किसणी म्हणजे काय?" असं ते माणूस खरोखर विचारतं. पन्नाशी-साठीतही हे सुरू होतं आणि घरचे ते ताणावर ढकलतात. असं दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवताना "विसरतात" एवढंच सांगू नका, "बोलण्यातच अडतात" हे स्पष्ट सांगा.

पहिली पायरी: डॉक्टर, कान, चष्मा, कवळी

थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांनीही माणूस मंद आणि अबोल होतो, आणि त्यांच्यावर उपचार आहेत. त्या तपासण्या आधी करून घ्या. बोलणं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं तर त्याला स्मृतिभ्रंश वाढला असं समजू नका. पक्षाघात असू शकतो, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड दिसली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मग कान. "बाबांना काही समजतच नाही" म्हणून मला बोलावलं जातं आणि कानात मळाचा बोळा निघतो, हे अनेकदा झालंय. कान कानाच्या डॉक्टरांकडूनच साफ करून घ्या, श्रवणचाचणी करा. श्रवणयंत्र असेल तर त्याचा सेल रोज सकाळी बघायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांकडे असलेलं काम कुणाचंच नसतं. चष्म्याचा नंबर आणि सैल झालेली कवळीही याच आठवड्यात बघून टाका.

दुसरी पायरी: आठवडाभर नुसतं टिपून ठेवा

शंभर पानी वही घ्या. काही शिकवू नका, सुधारू नका, फक्त लिहा. कोणते शब्द अडले, कधी अडले, कशानं सुटले. सकाळी आंघोळ-चहानंतर बोलणं मोकळं असतं आणि दिवेलागणीला घालमेल वाढते, असं बहुतेक घरांत दिसतं. तुमच्या घरात कसं आहे ते वहीवरून कळेल. सरावाची वेळ त्यावरून ठरवायची, आपल्या सोयीनं नाही.

कोणते शब्द वापरले की समजतं हेही टिपा. एका आजींची सून रोज विचारायची, "आई, बाथरूमला जायचंय का?" आजी शून्य नजरेनं बघत राहायच्या आणि थोड्या वेळानं कपडे ओले. आजींचं अर्ध्याहून अधिक आयुष्य वाड्यात गेलं होतं. मी सहज विचारलं, "आजी, मोरीत जायचं का?" त्या लगेच गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शब्द त्यांच्याकडे होता, आपण दुसऱ्याच नावानं हाक मारत होतो. मोरी, संडास, शेगडी, बॅटरी, पातेलं, सदरा. त्या माणसाच्या तिशी-चाळिशीत घरात जे शब्द होते ते शोधा आणि सगळ्यांनी तेच वापरा.

तिसरी पायरी: आपलं बोलणं बदला

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते, कारण सराव आजाऱ्यानं नाही, आपण करायचा असतो.

टीव्ही बंद करा. मिक्सर चालू असताना बोलू नका. समोर या, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, त्यांना आवडते ती हाक मारा. मग एका वेळी एकच गोष्ट बोला.

मराठीत आपण सहज म्हणतो, "काल आलेल्या पाहुण्यांनी आणलेला तो डबा रिकामा करून ठेव." हे वाक्य समजायला आधीचं सगळं डोक्यात धरून शेवटच्या क्रियापदापर्यंत थांबावं लागतं. नेमकं तेच धरून ठेवणं यांना जमत नाही. तोडा. डबा हातात द्या, म्हणा, "हा डबा." थांबा. "रिकामा करू या."

नकाराचंही तसंच. "गॅसला हात लावू नका" यात "नका" सगळ्यात शेवटी येतं. तोवर गॅस आणि हात दोन्ही मनात जाऊन बसलेले असतात. "इकडे या, इथे बसा" असं सांगा. काय करायचं ते सांगितलं की काय करायचं नाही ते सांगावंच लागत नाही.

"तो", "ती", "तिकडे" टाळा, नाव घ्या. "काय खाणार?" असं मोकळं सोडू नका. दोन वस्तू दाखवून विचारा, "पोहे की उपमा?" दोन्ही शब्द जड जायला लागले की "पोहे देऊ?" एवढंच, म्हणजे मान हलवूनही उत्तर देता येतं.

शब्द ताणून, अगदी संथ बोलण्यानं मात्र फायदा होत नाही. वाक्य लांबलं की सुरुवात निसटते. वाक्य छोटं करा, वेग नेहमीचाच ठेवा आणि बोलून झाल्यावर थांबा. मनात दहा अंक मोजा. हे दहा अंक घरच्यांना फार मोठे वाटतात. पण बहुतेकदा उत्तर सात-आठच्या सुमाराला येतं, आणि आपण चारलाच दुसरा प्रश्न विचारलेला असतो.

बाळबोली नको. "आमचं शहाणं बाळ ते, आ करा बघू" हे प्रेमानं म्हटलं जातं हे मला माहीत आहे. पण शब्द गेले तरी मान कळतो. सासऱ्यांना आयुष्यभर "अहो बाबा" म्हटलं असेल तर शेवटपर्यंत तेच म्हणा.

चौथी पायरी: मोजकेच शब्द, पण कामाचे

सुरुवातीच्या टप्प्यात शब्दांचा सराव उपयोगी पडतो. फक्त एक मर्यादा आहे. ज्या शब्दांचा सराव करतो तेच प्रामुख्यानं टिकतात, बाकीच्यांना त्याचा फारसा लाभ मिळत नाही. म्हणून बाजारातली प्राण्यांची रंगीत चित्रकार्डं बाजूला ठेवा. जिराफाचं आजोबांना काही काम नाही. वही उघडा आणि रोज लागणारे आठ-दहा शब्द निवडा: चष्मा, गोळी, पाणी, पांघरूण, घरातल्यांची नावं, दुखणाऱ्या अवयवाचं नाव.

खरी वस्तू हातात द्या. समजा चष्मा आहे. "याचं काय करता?" वाचायला. "कुठे ठेवता?" उशाशी. "आणखी काय लागतं याच्याबरोबर?" पेपर. शब्दाच्या आजूबाजूला असं चार बाजूंनी हिंडलं की शब्द कधी कधी आपसूक येतो. आला नाही तर मदत टप्प्याटप्प्यानं द्या. आधी गप्प थांबा. मग हावभाव करून दाखवा. मग वाक्य अर्धं सोडा, "पेपर वाचायला डोळ्यांवर लावतात…" मग पहिलं अक्षर, "च…" तरीही नाही आला तर सरळ "चष्मा" म्हणा, त्यांना एकदा म्हणू द्या आणि पुढे जा. दोनदा अडलं की त्या दिवशी तो शब्द सोडून द्या. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटपायचं.

पाचवी पायरी: अंतर वाढवत आठवण पक्की करणं

एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तेव्हा ही पद्धत मी हमखास वापरते. एक निवृत्त शिक्षक होते. दर पाच-सात मिनिटांनी विचारायचे, "आज कोणी येणार आहे का?" बायको उत्तर देऊन थकली होती, आणि तिचा आवाज चढला की ते दुखावले जायचे. त्यांना वाचता येत होतं. आम्ही जेवणघरात एक फळा लावला आणि त्यांना एवढंच शिकवलं की प्रश्न पडला की फळ्यावर बघायचं.

कृती अशी. मी आधी सांगितलं, "सर, आज काय आहे ते फळ्यावर बघायचं." लगेच विचारलं, "आज काय आहे ते कुठे बघायचं?" "फळ्यावर." उठून जाऊन बघितलंही. पंधरा सेकंदांनी पुन्हा तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मग तीस सेकंदांनी. मग एक मिनिट, दोन, चार, आठ, सोळा. मधल्या वेळात शाळेच्या, पावसाच्या साध्या गप्पा. उत्तर चुकलं किंवा आलं नाही, तर अंदाज करू द्यायचा नाही. लगेच बरोबर उत्तर सांगायचं, म्हणून घ्यायचं आणि मागच्या वेळी जमलेल्या अंतरावर परत यायचं. चूक होऊ न देणं याला इथे फार महत्त्व आहे, कारण चुकलेलं उत्तरही मनात तसंच रुजतं आणि ते चूक होतं हे मात्र आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच तो प्रश्न विचारायचा. सलग तीन बैठकांत सुरुवातीलाच बरोबर आलं की पक्कं झालं समजायचं. सरांना तीन आठवडे लागले. एका दुपारी ते खुर्चीतून उठले, फळ्यासमोर उभे राहिले आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं: "आज गुरुवार. कोणी येणार नाही. चारला चहा." आणि परत येऊन बसले. प्रश्न पूर्ण थांबला नाही. पण त्यांच्या बायकोला दुपारी डोळा लागेल एवढी शांतता मिळाली.

फळ्यावर अक्षरं मोठी काढा, निदान अर्धा इंच उंचीची. तीन ओळींपेक्षा जास्त नको. कालचं पुसायला विसरू नका.

सहावी पायरी: फोटोंची वही

आल्बम नव्हे, बोलण्याची वही. एका पानावर एकच फोटो आणि खाली त्यांच्याच तोंडचं एक वाक्य: "ही माझी धाकटी मुलगी. नागपूरला असते." "हे आमचं कोरेगावचं घर. मागे चिंच होती." दहा-बारा पानांपासून सुरुवात करा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, दिव्याची तिरीप पडून फोटो दिसत नाही.

एक अडचण नेहमी येते. आजींच्या मनातला मुलगा पंचविशीतला असतो आणि समोर उभा असतो टक्कल पडलेला. अशा वेळी एकाच पानावर जुना आणि आत्ताचा फोटो शेजारी लावा. बघताना "हे कोण?" विचारू नका. "किती दाट केस होते याचे!" असं म्हणा आणि थांबा. आठवणीपेक्षा मत विचारलं की माणूस मोकळं होतं, कारण मताला चूक-बरोबर नसतं. "लग्न कुठल्या साली झालं?" याला उत्तर चुकू शकतं. "अळूवडी आवडते की कोथिंबीरवडी?" याला नाही.

ब्रिटनमध्ये विकसित झालेली एक गटपद्धत याच तत्त्वावर चालते. आठवड्यातून दोनदा, सात आठवड्यांत चौदा बैठका, प्रत्येक बैठकीला एक विषय आणि त्यावर गप्पा. सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून असा कट्टा सुरू करणं अवघड नाही.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी वहीऐवजी डबा करा. अडकित्ता, खलबत्त्यातला बत्ता, खणाचा तुकडा, जुनी पावशेरी. हातात वस्तू आली की तोंड उघडतं.

परवचा

यासाठी वेगळी पायरी कशाला, रोज संध्याकाळी दिवा लावताना करा. या पिढीनं परवचा म्हटलेला आहे. बे एके बे तर येतंच, अनेकांना पावकी, निमकी, दिडकीसुद्धा येते. आपण फक्त पहिली ओळ सुरू करायची आणि हळूच आवाज काढून घ्यायचा. नातवाचं नाव न आठवणारे आजोबा सबंध पाढा धडाधड म्हणतात, तेव्हा घरातल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आरत्या, वार आणि महिन्यांची नावं, जात्यावरच्या ओव्या यांचंही तसंच.

म्हणी फार कामाच्या. "नाचता येईना…" एवढं म्हणून थांबा. उखाणा तर त्याहून. वर्षभर नवऱ्याचं नाव तोंडात न आलेल्या एका आजींना आम्ही हळदीकुंकवाला उखाणा घ्यायला लावला. यमक जुळलं आणि शेवटी नाव आलं. लाजल्यासुद्धा.

याचा मोठा फायदा आवाजाला होतो. दिवसभर गप्प असलेल्या माणसाचा श्वास, ओठ, जीभ दहा मिनिटं चालते. मूड बदलतो, आणि त्यानंतरची पाच मिनिटं साधं बोलणंही जास्त येतं. काही विचारायचं असेल तर तेव्हा विचारा.

पहिली भाषा परत येते तेव्हा

नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि आईकडून आलेली उरते, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. सोलापुरात विणकर घरातल्या एक आजी आयुष्यभर नातवंडांशी मराठी बोलल्या आणि मग हळूहळू तेलुगूत उत्तरं द्यायला लागल्या. घरातल्या तरुणांना तेलुगू येत नव्हतं. त्यांना वाटलं आजी बरळतेय. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना बोलावलं तेव्हा कळलं की आजी सरळ वाक्यात पाठ दुखतेय असं सांगत होत्या. अहिराणी, मालवणी, कोकणी, कन्नड, जी असेल ती. घरातल्या जुन्या माणसाकडून तीस-चाळीस शब्द लिहून घ्या आणि शिका.

दोन भाषा बोलण्यानं मेंदूचं नुकसान होतं अशी भीती कुणाला असेल तर ती सोडा. हैदराबादला ६४८ रुग्णांच्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती.

परदेशात असलेल्यांना हे जास्त जपावं लागेल. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमात वडील इंग्रजी विसरले तर तिथल्या परिचारिकेला "पोटात कळ येतेय" कसं कळणार? वीस मराठी शब्द तिला वाचता येतील अशा लिपीत, चित्रांसह, पलंगाशेजारी लावून ठेवा. ते आत्ताच करा.

मदत कुठे

वाचा-उपचारतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे विचारून घ्या. विचारण्यात गैर काही नाही. स्मृतिभ्रंशावर काम केलंय का हेही विचारा, कारण लहान मुलांवर काम करणारे जास्त आहेत. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून कुटुंबांसाठी काम करतेय. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे.

शब्द संपल्यावर

शेवटच्या टप्प्यात शब्द दोन-चार उरतात, मग तेही नाही. बोलणं थांबवू नका. हात लावण्याआधी सांगा, "आई, तोंड पुसते." मग पुसा. कण्हणं, कपडे ओढणं, घास दाताखाली धरून ठेवणं, हे सगळं सांगणंच असतं. जेवताना ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओला घरघरीत येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या. तेही आमचंच काम आहे. सरळ बसवून भरवा, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

आणि पहिल्या आठवड्यातली ती वही बंद करू नका. तुम्हाला त्यांची खूण कळते. रात्रीच्या बाईंना कळत नाही, रुग्णालयात तर कुणालाच कळत नाही. शेवटच्या पानावर लिहून ठेवा. एका मुलीनं लिहिलेलं पान माझ्यासमोर आहे: "'बा बा' म्हणजे पाणी. उशी चाचपली म्हणजे लघवीला लागलीय. डावा हात छातीशी घेतला तर थंडी वाजतेय, निळी शाल द्या, दुसरी नको. डोळे मिटून मान हलवली तर झोप नाही, आरती ऐकायचीय. कोणतीही चालेल. तुम्ही म्हटलेली जास्त आवडते."